‘द नर्स’ मालिका आणि वॉर्डातली रात्र: संशय येतो, पण तो सिद्ध कसा होतो?

तुम्ही लिहिलंय की नेटफ्लिक्सवरची ‘द नर्स’ ही खऱ्या घटनेवरची चार भागांची डॅनिश मालिका तुम्ही एका रात्रीत संपवली आणि झोप उडाली. प्रश्न तुमच्याच शब्दांत असा: ‘एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एक नर्स पेशंटना नको ती इंजेक्शनं देत राहते आणि डॉक्टरांपासून स्टाफपर्यंत कुणालाच कळत नाही, हे शक्य तरी आहे का?’ त्यामागची काळजीही तुम्ही सांगितली आहे. पुढच्या महिन्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन आहे आणि रात्री तिच्याजवळ कोण असेल, या विचाराने धास्ती बसली आहे.

मी आधी जनरल वॉर्डात आणि मग मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स होते. पुढे इन्चार्ज सिस्टर झाले, तेव्हा औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि नार्कोटिकचं, म्हणजे मॉर्फिनसारख्या कुलपातल्या औषधांचं, रजिस्टर माझ्याकडे आलं. आता नव्याने लागलेल्या मुलींना शिकवते. ही मालिका मीही पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. कुणालाच कळलं नाही, असं या प्रकरणात झालेलं नाही. कुणकुण लागली होती. वॉर्डात अशा गोष्टींची कुणकुण लागतेच, कारण रात्रपाळीत चार माणसं एकमेकांच्या इतक्या जवळ काम करतात की कोण कुठल्या खोलीत किती वेळ होतं, हे न विचारता कळतं. अवघड असतं ते पुढचं. मनात आलेलं मोठ्याने कुणाला सांगायचं, सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, आणि विश्वास ठेवला तरी ते सिद्ध कशाने होणार? मालिका खरं तर याच मधल्या काळाची आहे. त्याचं उत्तर थोडं माणसांच्या स्वभावात आणि बरंचसं औषधांच्या हिशेबात आहे, असं माझं मत आहे.

यातलं पुष्कळसं परिस्थितीवर अवलंबून असतं, हेही सांगायला हवं. वॉर्ड कुठला, रात्री स्टाफ किती, पेशंटला मॉनिटर लावलाय का, औषध कुलपात आहे की ट्रॉलीवर, यावर सगळं फिरतं. आयसीयूत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट असतात आणि प्रत्येकाच्या उशाशी मॉनिटर असतो. श्वास मंदावला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली आलं की अलार्म होतो. जनरल वॉर्डात रात्री एकाच सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असू शकतात. तिथे पहाटे दोनला कुणी गाढ झोपलेलं दिसलं, तर ती झोप आहे की गुंगी, हे जवळ जाऊन हाक मारल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं उत्तर प्रत्येक हॉस्पिटलला जसंच्या तसं लागू होईल, असं समजू नका.

आता खरी घटना. डेन्मार्कच्या दक्षिणेला फाल्स्टर नावाचं बेट आहे, तिथल्या निकोबिंग फाल्स्टर गावच्या हॉस्पिटलात हे घडलं. क्रिस्टिना आइस्ट्रुप हॅन्सन या नर्सला १ मार्च २०१५ रोजी अटक झाली. पर्निले कुर्झमान या तिच्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या तरुण नर्सने तिच्याविरुद्ध तक्रार दिली होती. २०१२ ते २०१५ या काळातले तीन खून आणि खुनाचा एक प्रयत्न, असे आरोप ठेवले गेले. मॉर्फिन आणि डायझेपाम ही औषधं डॉक्टरांनी लिहिलेली नसताना दिली, असा आरोप होता. जून २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने तिला जन्मठेप दिली. मालिकेत क्रिस्टिनाचं काम जोसेफिन पार्कने केलंय आणि पर्निलेचं फॅनी लुईझ बर्न्थने. दोघींचं काम पाहताना मला अनेकदा खऱ्या वॉर्डात बसल्यासारखं वाटलं.

पण बरेच प्रेक्षक पुढचा भाग लक्षात घेत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मे २०१७ मध्ये अपिलाच्या कोर्टाने निकाल बदलला. औषधं दिली हे मान्य केलं, पण ते तीन मृत्यू त्या औषधांमुळेच झाले, असं निःसंशय म्हणता येत नाही, असं ठरलं. चारही प्रकरणांत खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी धरून शिक्षा १२ वर्षांवर आणली. तिने स्वतः आरोप कायम नाकारले. हे वाचून पुष्कळांना वाटतं की ती सुटलीच की. मला तसं वाटत नाही. वॉर्डात काम केलेल्या माणसाला कोर्टाची अडचण लगेच समजते, कारण रोजची अडचण तीच असते. पेशंट आधीच म्हातारा, आजारी, छाती भरलेली, किडनी अर्धवट चालणारी. तो पहाटे गेला, तर कशाने गेला? आजाराने गेला की औषधाने, हे दोन धागे वेगळे करणं फार कठीण असतं.

त्यात ही दोन औषधं. मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू एरवी ‘श्वास घे’ म्हणून रेटा लावतो, तो रेटाच कमी होतो. मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेणारा माणूस दहावर येतो, मग आठवर, आणि त्याला स्वतःला काही त्रास जाणवत नाही. धाप लागत नाही, तडफड नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पण रात्रीच्या अंधाऱ्या वॉर्डात झोपलेल्या माणसाची पापणी उचलून कोण पाहतं? डायझेपाम वेगळ्या वाटेने गुंगी आणतं. दोन्ही एकत्र गेली की एकेकटी जेवढी करतील त्यापेक्षा जास्त खोल झोप आणि जास्त मंद श्वास होतो. शिवाय मॉर्फिनचा जो अंश शरीरात तयार होऊन किडनीवाटे बाहेर पडायचा, तो किडनी कमजोर असली की साठत राहतो. म्हणून धडधाकट माणसाला सहज सोसणारा डोस ऐंशी वर्षांच्या आजीला भारी पडू शकतो.

आणि ही विषं नव्हेत, हे विसरू नका. दोन्ही रोजच्या वापरातली, अत्यंत गरजेची औषधं आहेत. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळालं नाही तर काय होतं, ते मी पाहिलंय. त्यामुळे वॉर्डात मॉर्फिन असणं किंवा सिस्टरच्या हातात सिरिंज असणं यात कुणाला काहीच वावगं दिसत नाही. एखाद्याच्या घरात आर्सेनिक सापडलं तर पोलिसांचे कान टवकारतात. हॉस्पिटलात मात्र हत्यार, ते वापरायची परवानगी आणि मृत्यूची सबब ठरू शकणारं आजारपण, तिन्ही आधीपासून एकाच खोलीत असतात.

आता स्वभावाचा भाग. मालिकेतली क्रिस्टिना कामात तरबेज आहे. पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे हृदय थांबलं, की ती सगळ्यात आधी पोचते, हात थरथरत नाहीत, नव्या मुलीला धीर देते. अशा सहकारणीबद्दल वाईट मनात यायला तुमचं मनच तयार होत नाही. अशा वेळच्या तातडीच्या हाकेला कोड ब्लू म्हणतात. तेव्हा काय होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. पलंग सपाट करतात, पाठीखाली फळी सरकवतात, एकजण छाती दाबायला लागतो, दुसरा अँबू बॅगने श्वास देतो, क्रॅश कार्टचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीचा, खण ओढला जातो, कुणीतरी मोठ्याने वेळ सांगत अ‍ॅड्रेनलिन भरतं. दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम. मॉनिटरवर ठोके परत आले की सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. त्या वेळी ज्याने शीर शोधून कॅन्युला, म्हणजे औषध द्यायची नळी, टाकली, ज्याने पहिल्यांदा ओळखलं की पेशंट जातोय, त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यावर होतं. या कौतुकाची ओढ प्रत्येकाला थोडीफार असते आणि बहुतेकांना ती चांगलं काम करायलाच लावते. क्रिस्टिनाच्या खटल्यात सरकार पक्षाचं म्हणणं असं होतं की तिला हीच धावपळ आणि हेच कौतुक हवं होतं.

जर्मनीतल्या नील्स हॉगेलचं प्रकरण याच जातीचं आहे, आकाराने मात्र भयानक. ओल्डेनबुर्ग आणि डेल्मेनहोर्स्ट या दोन हॉस्पिटलांत तो नर्स होता. पेशंटचं हृदय औषधाने बिघडवायचा आणि मग वाचवायला धावायचा. २०१९ मध्ये त्याला ८५ खुनांसाठी दोषी ठरवलं गेलं. त्याने वापरलेल्या औषधांत अजमलिन होतं. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं हे औषध आपल्या सर्पगंधेपासून काढलेलं आहे, आणि त्याला नाव दिलंय ते दिल्लीच्या हकीम अजमल खान यांचं. ज्यांनी आयुष्य रोग्यांसाठी घालवलं त्यांचं नाव असलेलं औषध असं वापरलं गेलं, हे वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. पण मुद्दा वेगळा आहे. पहिल्या हॉस्पिटलात त्याच्याबद्दल शंका आली होती. तिथून त्याला जायला सांगितलं, आणि जाताना चांगलं शिफारसपत्र दिलं. तो दुसरीकडे रुजू झाला. तिथे अजमलिनचा खप कितीतरी वाढला. फार्मसीच्या नोंदीत तो वाढलेला आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. २००५ मध्ये एका सहकारणीने त्याला प्रत्यक्ष पकडलं, तोवर आकड्याकडे कुणी हिशेब म्हणून पाहिलंच नाही.

म्हणजे इथवर आपण दोन गोष्टी पाहिल्या. औषध रोजचं आणि पेशंट आधीच आजारी, म्हणून मृत्यू उठून दिसत नाही. आणि करणारी व्यक्ती कामाला चांगली, म्हणून संशय मनात टिकत नाही. तुम्ही म्हणाल, मग जिच्या ड्यूटीत जास्त पेशंट जातात तिला पकडा, सोपं आहे. इथेच मला तुम्हाला थांबवायचंय, कारण मालिका पाहून निघालेल्या माणसाच्या मनात हाच विचार येतो आणि तो धोक्याचा आहे.

हॉलंडमध्ये लुसिया द बर्क नावाच्या नर्सला २००३ मध्ये अशाच आकडेमोडीच्या आधाराने जन्मठेप झाली. एवढे पेशंट तिच्याच पाळीत योगायोगाने जाण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असं कोर्टापुढे मांडलं गेलं. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेब तपासला तेव्हा तो मुळातच चुकीच्या पद्धतीने केलेला निघाला. जे मृत्यू आधी नैसर्गिक मानले होते, ते ती ड्यूटीवर होती म्हणून नंतर संशयास्पद यादीत घातले गेले होते. २०१० मध्ये ती निर्दोष ठरली. तोवर तिची कित्येक वर्षं तुरुंगात गेली होती आणि तुरुंगात असतानाच तिला पक्षाघाताचा झटकाही आला होता.

माझ्या अनुभवातून सांगते, चांगल्या आणि जुन्या सिस्टरच्या नावावर जास्त मृत्यू असतातच. कारण ड्यूटी लावताना मीच सगळ्यात वाईट पेशंट तिला द्यायचे. नवीन मुलीकडे स्थिर पेशंट, अनुभवी सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचा. जिला घरच्या अडचणीमुळे नाईट जास्त घ्याव्या लागतात, तिच्या वाट्याला पहाटेचे मृत्यू जास्त येतात. महिन्याच्या शेवटी नुसती बेरीज केली तर माझ्या सगळ्यात भरवशाच्या मुली गुन्हेगार ठरतील. म्हणून पाळ्यांचा तक्ता हा फार तर चौकशी सुरू करायचं कारण होऊ शकतो. पुरावा म्हणून तो उभा राहू शकत नाही.

मग पुरावा कशात असतो? अ‍ॅम्प्यूलमध्ये (म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीत), रजिस्टरमध्ये आणि रक्ताच्या नमुन्यात.

आमच्या वॉर्डात ते कसं चालतं, हे एकदा जवळून पाहा. मॉर्फिन दुहेरी कुलपात असतं, आणि दोन किल्ल्या एकाच माणसाकडे नसतात. समजा पेशंटला ३ मिलिग्रॅम लिहिलंय आणि अ‍ॅम्प्यूल आहे १० मिलिग्रॅमची. दोन सिस्टर मिळून केसपेपर वाचतात, पेशंटच्या मनगटावरचा पट्टा पाहतात, मग अ‍ॅम्प्यूल फोडतात. ३ पेशंटला जातं. उरलेल्या ७ चं काय झालं, हा माझ्या मते अख्ख्या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. ते दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत टाकून द्यायचं असतं आणि रजिस्टरमध्ये दिलेलं किती, टाकलेलं किती, वेळ काय, हे लिहून दोघींनी सह्या करायच्या असतात. फोडलेली रिकामी अ‍ॅम्प्यूल कचऱ्यात जात नाही. ती जपून ठेवून परत करायची, तेव्हाच नवी मिळते. सकाळी ओव्हर देताना आणि घेताना, म्हणजे पाळी सोपवताना, दोन्ही पाळ्यांनी कपाट उघडून अ‍ॅम्प्यूल हातात घेऊन मोजायच्या. रजिस्टर वाचून ‘बरोबर आहे’ म्हणायचं नाही, अ‍ॅम्प्यूल मोजायची. मी शिकवते तेव्हा यावर अतोनात भर देते, कारण रात्रभर दमलेल्या दोन मुली ‘नंतर सही करते गं’ म्हणतात आणि तिथेच फट पडते. सही देणारी मुलगी वाईट नसते. तिला घरी जायचं असतं, बस गाठायची असते. पण न पाहता केलेली साक्षीची सही म्हणजे उद्या तिच्याच नावावर पडलेलं खोटं विधान आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आपल्याकडे मॉर्फिनवर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचा पहारा आहे, त्यामुळे त्याचा हिशेब बऱ्यापैकी कडक असतो. माझी चिंता दुसऱ्या औषधांबद्दल आहे. डायझेपाम आणि त्याच्याच जातीचं मिडाझोलाम तातडीला लागतात म्हणून अनेक ठिकाणी क्रॅश कार्टमध्ये सापडतात. इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं आणि फ्रीजला कुलूप असेलच असं नाही. तीव्र पोटॅशियम क्लोराइड न पातळ करता शिरेत गेलं तर हृदय थांबवतं, म्हणून ते वॉर्डाच्या ट्रॉलीवर ठेवूच नये असा दंडक आहे. अमेरिकेत चार्ल्स कलेन या नर्सने सोळा वर्षांत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या अनेक हॉस्पिटलांत पेशंट मारले आणि २९ खुनांची कबुली दिली. त्याची मुख्य औषधं होती इन्सुलिन आणि हृदयासाठीचं डिजॉक्सिन. दोन्ही नार्कोटिकच्या कुलपाबाहेरची. शेवटच्या हॉस्पिटलात औषधं देणारं संगणकी कपाट होतं. तो डिजॉक्सिन मागायचा, खण उघडायचा, आणि मग मागणी रद्द करायचा. रद्द केलेल्या मागण्यांची ती यादी त्याच्याच मैत्रिणीसमोर, एमी लॉग्रेन या नर्ससमोर ठेवली गेली, तेव्हा तिला काय चाललंय ते कळलं. ती नर्स होती म्हणून कळलं. एका पेशंटसाठी इतक्या वेळा कुणी डिजॉक्सिन मागत नाही, हे कागद वाचून ओळखायला वॉर्डात काम केलेला डोळा लागतो. पुढे २००३ च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली.

रक्ताच्या नमुन्याचंही तसंच. इन्सुलिन बाहेरून दिलं की पेशंटच्या स्वतःच्या स्वादुपिंडात तयार झालं, हे ओळखता येतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सी-पेप्टाइड नावाचा तुकडा बरोबर तयार होतो. रक्तात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड जवळजवळ नाही, याचा अर्थ ते सुईने आलंय. इंग्लंडमधल्या बेव्हर्ली अ‍ॅलिट या नर्सच्या प्रकरणात, १९९१ मध्ये, लहान मुलांच्या वॉर्डात असाच धागा हाती लागला. पण त्यासाठी साखर खाली गेली त्याच वेळी रक्त काढून ठेवलेलं असावं लागतं. ग्लुकोज देऊन पेशंट सावरला, सगळे खूश झाले आणि नमुना घ्यायचा राहिला, तर नंतर कितीही हुशार डॉक्टर आला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणून मी मुलींना सांगते, कुठल्याही न समजणाऱ्या घटनेनंतर आधी पेशंट सांभाळा आणि लगेच त्याच्याभोवतीच्या वस्तू सांभाळा. वापरलेली सिरिंज, चालू असलेली सलाईनची बाटली, रिकाम्या अ‍ॅम्प्यूल टाकू नका. रक्त काढून त्यावर वेळ घाला. तुम्ही काय पाहिलंत ते वेळेसकट लिहा. ‘अमुक सिस्टरने केलं असावं’ हे लिहू नका. ‘१.४० ला मी खोलीत गेले तेव्हा श्वास मिनिटाला सहा होते, बाहुल्या बारीक होत्या, केसपेपरवर मॉर्फिन लिहिलेलं नाही’ एवढंच लिहा. पहिलं वाक्य लिहिलंत तर भांडण होईल आणि तुम्हीच अडकाल. दुसरं वाक्य आठवडाभराने, वर्षाने, कोर्टातही टिकतं. आणि त्यात कुणा निरपराध सहकारणीचा बळीही जात नाही.

सांगायचं कुणाला? रीत अशी की आधी इन्चार्ज, मग मेट्रन (सगळ्या नर्सेसची प्रमुख), मग अधीक्षक. प्रत्यक्षात नव्या मुलीला भीती वाटते की आपलीच बदली होईल, करार वाढवला जाणार नाही, आपल्याला भांडखोर म्हणतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पर्निलेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तिच्याजवळ ना अधिकार होता ना वय, समोरची बाई लोकप्रिय होती, आणि आपण चुकत असू तर एका निरपराध बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होईल हेही तिला कळत होतं. मालिका तिचं हे तळ्यात-मळ्यात घाईने उरकत नाही, हा मला मालिकेचा सगळ्यात मोठा गुण वाटला. इन्चार्ज म्हणून माझं काम हे होतं की माझ्याकडे येणाऱ्या मुलीला नाव घ्यावंच लागू नये. ‘सिस्टर, काल रात्रीचा डायझेपामचा हिशेब लागत नाही’ एवढं बोलायची सवय सगळ्यांना असली, की हिशेब लागत नाही हे बोलणं म्हणजे कुणावर आरोप होत नाही. ते रोजचं काम होतं. जिथे अ‍ॅम्प्यूल रोज मोजल्या जातात तिथे कमी पडलेली अ‍ॅम्प्यूल दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलते.

आता तुमच्या आईबद्दल, कारण खरं उत्तर तुम्हाला तिथेच हवंय.

खुनी नर्स भेटण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की त्या भीतीने रात्रभर सिस्टरच्या हाताकडे संशयाने पाहत बसू नका. त्याने तुमची झोप जाईल आणि सिस्टरही तुमच्याशी मोकळेपणी बोलणार नाही. त्याऐवजी साधं विचारा: ‘सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?’ कुठल्याही चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ती नाव सांगेल, कशासाठी ते सांगेल. देण्याआधी ती आईला नाव विचारेल किंवा मनगटावरचा पट्टा पाहील. विचारलं नाही तर तुम्हीच आईचं पूर्ण नाव सांगा. शेजारच्या पलंगावर त्याच आडनावाची आजी असते, असं होतं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री वेदनेसाठी बऱ्याचदा जोरदार औषध लागतं, आणि वयस्कर माणूस त्याने गुंगतो. ते नेहमीचं आहे. हाक मारली की डोळे उघडते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा झोपते, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पण हाक मारून, खांदा हलवूनही नीट जागी होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, मधे थांबून परत सुरू होत असेल, घोरण्याचा आवाज वेगळाच येत असेल, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका. लगेच सिस्टरला बोलवा, आणि ती एकटी असेल तर ड्यूटी डॉक्टरांना बोलवायला सांगा. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन असतं, डायझेपामसारख्या औषधांसाठी फ्लुमाझेनिल असतं. देता येतात, पण वेळेत कळलं तर. नातेवाईकाने रात्री दोनला येऊन ‘आई नेहमीसारखी वाटत नाही’ म्हटलं, तर त्याला हलक्यात घेऊ नका, असं मी माझ्या मुलींना सांगत आले आहे. तुम्ही आईला ओळखता, आम्ही तिला काल पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

काही शंका राहिलीच तर केसपेपरची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारनियमांत नियम आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कुणावर आरोप करायची गरज नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. आई गेली काही वर्षं रात्री झोपेची अर्धी गोळी घेते, असं तुम्ही म्हणता. गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे घरोघरी असते ती बहुतेक अल्प्राझोलाम. ती डायझेपामच्याच कुळातली आहे. ऑपरेशननंतरच्या मॉर्फिनबरोबर किंवा तसल्याच दुसऱ्या औषधाबरोबर घरची गोळीही पोटात गेली, तर वर सांगितलेलं तेच होऊ शकतं, आणि त्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. घरचे उशाखालून प्रेमाने गोळी देतात, सिस्टरला माहीत नसतं. तेव्हा ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासतात त्या दिवशी गोळ्यांची ती पट्टी सोबत घेऊन जा आणि रोज किती, किती वर्षांपासून, हे नीट सांगा. दाखल झाल्यावर वॉर्डाच्या सिस्टरलाही तेच सांगा, आणि घरून आणलेल्या सगळ्या गोळ्या तिच्या ताब्यात द्या. आपल्या मनाने ती गोळी एकदम बंदही करू नका. वर्षानुवर्षांची गोळी अचानक तुटली की म्हातारी माणसं बेचैन होतात, भ्रमात जातात, कधी फिटही येते. चालू ठेवायची, कमी करायची की त्या रात्रीपुरती टाळायची, हे भूलतज्ज्ञांना ठरवू द्या.